कुमारीच्या बांगड्या आणि आजची शाळा



मार्गशीर्ष लागला की आमच्याकडे घरोघर गुरुचरित्राच्या पोथ्या बाहेर निघतात, आणि देवळात कुणी ना कुणी अवधूताच्या चोवीस गुरूंवर बोलतंच. या अंकातही त्यावर एखादा लेख दरवर्षी असतो. त्यात मी आणखी एकाची भर घालतो आहे, ती मुद्दाम. मी शास्त्री-पंडित नाही. वाणिज्य शाखेचा पदवीधर, ३६ वर्षं बँकेच्या काउंटरमागे बसलेला माणूस. श्लोकाचा अन्वय लावायला मला सांगू नका. पण त्या चोवीसांतल्या एका गुरूबद्दल माझ्या मनात बरीच वर्षं एक शंका घोळत होती, आणि गेल्या दोन वर्षांत त्या शंकेला वेगळंच वळण लागलं.

हा गुरू म्हणजे कुमारी. भागवताच्या अकराव्या स्कंधात यदुराजाला अवधूत आपले गुरू सांगतो. नाथमहाराजांनी याच स्कंधावर मराठीत टीका लिहिली आणि शके १४९५ मध्ये, म्हणजे १५७३ साली, ती काशीत पुरी केली. त्यामुळे मराठी माणसाला ही गोष्ट घरची आहे. घरातली वडीलधारी माणसं बाहेर गेलेली असतात आणि नेमके त्याच वेळी मुलीला मागणी घालायला पाहुणे येतात. त्यांची ऊठबस तीच करते. जेवणासाठी साळी कांडायला बसते, तर हातातल्या बांगड्या वाजायला लागतात. तिला लाज वाटते. एकेक करून ती बांगड्या फोडते. दोन्ही हातांत दोन-दोन ठेवते, त्याही वाजतात. मग एकेकच ठेवते. आवाज बंद होतो. अवधूत यातून घेतो ते एकांताचं महत्त्व. खूप जण एकत्र राहिले की कलह, दोघे राहिले तरी गप्पा, म्हणून साधकानं एकटं राहावं.

शिकवण शिरोधार्य. माझी शंका एवढीच, की त्या मुलीला लाज कशाची वाटली? घरात कांडलेले तांदूळ नाहीत, कांडायला दुसरं माणूस नाही, हे ओसरीवर बसलेल्यांना कळेल, याची. म्हणजे ती आपल्या घराची गरिबी आवाजासकट झाकत होती. त्यासाठी तिनं हातातल्या बांगड्या फोडल्या, आणि बांगडी फोडणं ही मुलीच्या दृष्टीनं लहान गोष्ट नव्हे. बाहेरच्या पाहुण्यांना काय कळलं? काहीच नाही. त्यांनी जेवून ढेकर दिली असेल आणि पोरगी गुणाची आहे म्हणाले असतील.

पाहुण्यांनी तसं समजायला हरकत नाही. पण समोर चाळीस पोरं घेऊन बसलेल्या शिक्षकानं तसं समजावं का? बांगडी वाजत नाही, म्हणजे घरात सगळं बरं आहे, असं धरून चालावं का? आणि बरं नाही हे कळलं, तर त्या घरात किती शिरावं? हा प्रश्न मला माझ्या भाचीमुळे पडला.

ती शिक्षणसेवक म्हणून जिल्हा परिषदेच्या शाळेत लागली. शिक्षणसेवक म्हणजे पहिली तीन वर्षं मानधनावर. हे मानधन पूर्वी प्राथमिकला महिना ६००० रुपये होतं, २०२३ पासून १६००० झालं. गाव कुठलं, इयत्ता कुठली हे मी लिहीत नाही, आणि पुढे सांगतो त्या पोरांचे तपशीलही जाणूनबुजून थोडे इकडचे तिकडे केले आहेत. लहान गावात दोन खुणा दिल्या की पोर ओळखू येतं. बँकेतली सवय म्हणा.

पहिल्याच सत्रात तिच्या वर्गातला एक मुलगा रोज पहिल्या तासाला झोपायचा. हुशार पोर. दुपारनंतर जागा असला की गणितं चटाचट करायचा. तिनं त्याला आधी रागावून बघितलं, उभं करून बघितलं. उभ्या उभ्याही त्याची मान पडायची. मग एक दिवस सगळी पोरं खिचडीला गेल्यावर तिनं त्याला विचारलं, तर म्हणाला, "रात्री देवळात असतो बाई." वडील पिऊन येतात. आले की आईला मारतात. ते झोपेपर्यंत हा आपल्या धाकट्या बहिणीला घेऊन देवळाच्या ओवरीत बसतो. थंडीत गोणपाट घेतात. किती वाजता घरी जाता, तर म्हणे, "कुत्री भुंकायची थांबली की."

नवीन माणसाला संताप येतो, आणि यावाच. ती त्याच संध्याकाळी त्या घरी गेली. वडील शुद्धीवर होते, नीट बोलले, हात जोडले, चुकलं म्हणाले. ती समाधानानं परत आली. दुसऱ्या दिवशी मुलगा आला नाही. तिसऱ्या दिवशी नाही. पाचव्या दिवशी आला तो कानाखाली वळ घेऊन, आणि बाईंकडे बघेना. घरातलं बाहेर सांगितलं म्हणून मार बसला होता. त्याच्या लेखी बाईंनी त्याची बांगडी वाजवली होती.

त्या रविवारी ती आमच्याकडे आली. फार रडली. म्हणाली, "मामा, स्टाफरूममध्ये सगळे म्हणतात की घरचं घरी, आपण पुस्तक संपवायचं. तसंच करू का?"

आता यावर दोन उत्तरं तयार असतात, आणि मला दोन्ही पटत नाहीत.

पहिलं उत्तर स्टाफरूमचं. त्यात तथ्य नाही असं नाही. त्या शिक्षकांनी वीस-वीस वर्षं काढली आहेत. जनगणना, निवडणूक, पोषण आहाराचा हिशेब, ऑनलाइन माहिती भरणं, यातून उरलेल्या वेळात शिकवणं. प्रत्येक पोराचं घर डोक्यावर घेतलं तर माणूस उभा राहणार नाही, हे ते अनुभवानं सांगतात. पण रात्रभर देवळात बसलेल्या पोराला अपूर्णांक शिकवता येत नाहीत, हाही त्याच अनुभवाचा भाग आहे. घर वर्गात आलेलंच असतं. ते बाकावर मान टाकून झोपलेलं असतं.

माझ्या नोकरीत मला एक सोय होती. काउंटरला काच होती. शिष्यवृत्तीचे पैसे जमा झाले की काही पालक पोराला बरोबर घेऊन येत आणि होते नव्हते तेवढे काढून नेत. पालक म्हणून त्यांची सही असायची, ती जुळायची, शिल्लक असायची. अशा वेळी पैसे द्यायचे, हा नियम, आणि नियम बरोबरच होता. कारकुनानं कुणाच्या घरात डोकं घालायला लागलं तर बँक चालायची नाही. पण काचेपलीकडे ते पोर जमिनीकडे बघत उभं असायचं, ते दिसायचंच. शिक्षकापुढे अशी काच नाही, आणि त्यानं ती लावून घेऊ नये असं मला वाटतं.

दुसरं उत्तर देवळात मिळतं. ते म्हणजे साने गुरुजी. १९२४ साली अमळनेरच्या शाळेत ते शिक्षक झाले, छात्रालयाचं काम अंगावर घेतलं, मुलांच्या खोल्या झाडल्या, कपडे धुतले, अंथरुणं आवरली. १९३० मध्ये सत्याग्रहासाठी नोकरी सोडेपर्यंत हे चाललं. त्यांच्याविषयी बोलताना माझेही डोळे भरतात. पण "शिक्षकानं साने गुरुजी व्हावं" हे वाक्य आपण फार स्वस्तात बोलतो. ते अविवाहित होते, छात्रालयात मुलांमध्येच राहत होते. सोळा हजारांत खोलीभाडं भरून, तीन वर्षांनी कायम होऊ की नाही या काळजीत असलेल्या पंचविशीच्या मुलीला आपण ते वाक्य ऐकवतो, आणि आपण स्वतः मात्र त्या ओवरीपाशी रात्री एकदाही जात नाही. ओवरी गावातल्याच देवळाची. गावात भजनी मंडळ आहे, ग्रामपंचायत आहे, शाळा व्यवस्थापन समिती आहे. दोन पोरं गोणपाट पांघरून बसलेली कुणालाच दिसत नसतील, हे मला खरं वाटत नाही.

आमच्या देवळातल्या एका बुवांना मी हे सगळं सांगितलं, तर त्यांनी लगेच कपोताचा दाखला दिला. तोही चोवीसांतलाच गुरू. पारध्यानं पिलांवर जाळं टाकलं. ते बघून कपोती जाळ्यात शिरली, आणि तिच्यामागून कपोतानंही स्वतःला त्यात झोकून दिलं. पारध्याला सगळं कुटुंब आयतं मिळालं. "म्हणून मोह नको. भाचीला सांगा, अलिप्त राहा," बुवा म्हणाले.

मी यावर बरेच दिवस विचार केला. कपोताची गोष्ट अतिस्नेहाची आहे हे मान्य. पण ती गोष्ट मी पुन्हा पुन्हा वाचली तेव्हा माझं लक्ष जाळ्याकडे गेलं. कपोत जाळ्यात पडला, त्यानं पिलांचा एक दोरासुद्धा तुटला नाही. त्याचं दुःख खरं होतं, पण ते पिलांच्या काही उपयोगाचं नव्हतं. भाची तावातावानं त्या घरी गेली, तेव्हा थोडं असंच झालं. यातून "पिलांकडे बघू नकोस" हा अर्थ निघतो, असं बुवा म्हणतात. मला वाटतं, "जाळ्यात पडून ती सुटत नाहीत" एवढाच निघतो, आणि या दोन्हींत पुष्कळ फरक आहे. माझा अर्थ शास्त्राला धरून आहे की नाही ते जाणकारांनी ठरवावं. चोवीस गुरूंत पृथ्वीही आहे, आणि लोकांनी कितीही तुडवलं तरी ती जागची हलत नाही. नवीन शिक्षकाला कपोतापेक्षा पृथ्वीचा धडा जास्त उपयोगी. रोज त्याच वेळेला, त्याच आवाजात, त्याच जागी असणं. ज्या घरात आज काय होईल याचा भरवसा नाही, तिथल्या पोराला हे फार मोठं असतं.

तिनं पुढे केलं तेही असंच साधं. मुलाला पुन्हा काही विचारलं नाही. वर्गाच्या मागच्या कोपऱ्यात, पुस्तकांच्या कपाटाआड एक सतरंजी टाकली. ज्याला बरं वाटत नसेल त्यानं पहिल्या तासाला तिथं पडावं, असं सगळ्या वर्गाला सांगितलं. तो एकटा वेगळा दिसू नये म्हणून. पहिले काही दिवस चार-पाच पोरं मजा म्हणून पडली, मग तो एकटाच राहिला, पण तोवर त्यात कुणाला नवल राहिलं नव्हतं. गणिताचा तास तिनं दुपारी घेतला. मुख्याध्यापकांच्या कानावर सगळं घातलं आणि तारीख घालून लिहून ठेवलं. हे लिहून ठेवण्याचं मात्र मी सांगितलं होतं. तोंडी व्यवहार नंतर कुणाच्याच बाजूनं उभा राहत नाही.

पण सतरंजीनं झोप भागते, मार थांबत नाही. त्यासाठी मला गुरुचरित्रातली एक कथा आठवते. सतराव्या अध्यायातली. आमच्या सांगली भागातल्या लोकांना ती जागेसकट माहीत आहे. करवीरचा एक मुलगा. आईबाप लहानपणीच गेलेले. बुद्धी मंद, म्हणून लोक टोचून टोचून बोलत. शेवटी तो घर सोडून कृष्णाकाठी भिलवडीला आला आणि भुवनेश्वरीच्या देवळात अन्नपाणी सोडून बसला. देवी प्रसन्न होईना, तेव्हा त्यानं आपली जीभ कापून तिच्यापुढे ठेवली, आणि शीरही वाहीन म्हणाला. तेव्हा देवीनं त्याला स्वप्नात सांगितलं, की पलीकडच्या तीरावर औदुंबराखाली यती आहेत, त्यांच्याकडे जा. तो नदी ओलांडून गेला. नृसिंहसरस्वतींनी त्याच्या मस्तकावर हात ठेवला, त्याला वाचा आणि विद्या मिळाली.

या कथेत आपण गुरूंचा हात बघतो, तो बघावाच. पण देवीनं काय केलं तेही मला महत्त्वाचं वाटतं. तिनं पोराला हाकलून दिलं नाही, आणि सगळं मीच करते असंही म्हटलं नाही. कुणाकडे जायचं, ते कुठे बसले आहेत, कुठल्या काठाला, कुठल्या झाडाखाली, हे नेमकं सांगितलं. जीभ तुटलेल्या पोराला नुसतं "गुरू शोध" म्हणून भागलं नसतं.

नवीन शिक्षकाला हे पलीकडचे तीर ठाऊक हवेत. ते आहेत, पण फार कमी जणांना माहीत असतात. १०९८ हा मुलांसाठीचा मदतीचा फोन रात्रंदिवस चालतो, पैसे पडत नाहीत, मूल स्वतःही लावू शकतं. जिल्ह्यात बालकल्याण समिती असते. बाल न्याय कायद्याखाली तिला पोराच्या काळजीबाबत आदेश देण्याचा अधिकार आहे. ज्या मुलाचे आईवडील दोघे किंवा एक नाही, किंवा घर अडचणीत आहे, त्याच्यासाठी बालसंगोपन योजना आहे. त्यात आता महिना २२५० रुपये मिळतात, अर्ज जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात. माझ्या भाचीनं एका विधवा बाईंचा असा अर्ज भरून दिला, कागद जुळवायला मी बसलो. मृत्यूचा दाखला, शाळेचा बोनाफाईड, रेशनकार्ड, उत्पन्नाचा दाखला, बँक पासबुकाची झेरॉक्स. नावाच्या स्पेलिंगमध्ये एक अक्षर चुकलं म्हणून परत आला, पुन्हा दिला. अशा कामात भावनेपेक्षा चिकाटी लागते.

त्या मुलाच्या घरी ती पुन्हा एकटी गेली नाही. आशाताईंच्या मार्फत आईला आधी विचारलं, तिला काय हवं आहे ते. आई म्हणाली, माझा भाऊ पुढच्या गावात असतो, त्याला कळवा, मला तोंड नाही. मामा आला. मामा आल्यावर त्या घरात काय बोलणं झालं ते आम्हाला माहीत नाही, पण त्यानंतर रात्री नऊनंतर पोरं मामाच्या ओळखीतल्या एका म्हाताऱ्या आत्यांकडे झोपायला जाऊ लागली. वडिलांचं पिणं सुटलेलं नाही.

आता सगळ्यात अवघड भाग. दुसऱ्या वर्षी तिच्या वर्गातली एक मुलगी मधल्या सुटीत जवळ येऊन म्हणाली, "बाई, एक सांगू? पण कोणाला सांगणार नाही ना?"

या प्रश्नावर बहुतेक चांगली माणसं पटकन "नाही सांगणार" म्हणतात. मीही आयुष्यभर गुपितं सांभाळण्याचं काम केलं आहे. बँकेत लागताना आम्ही निष्ठा आणि गोपनीयतेच्या प्रतिज्ञापत्रावर सही करतो. ग्राहकाची शिल्लक बायकोलाही सांगायची नसते. पण त्या गुप्ततेलाही मर्यादा आहेत. इंग्लंडमधल्या १९२४ सालच्या टूर्नियर खटल्यापासून त्या चार सांगतात: कायद्याची सक्ती, सार्वजनिक हित, बँकेचं स्वतःचं हित आणि ग्राहकाची संमती. परीक्षेसाठी आम्ही त्या पाठ केल्या होत्या. म्हणजे पैशाच्या बाबतीतही "कुणालाच, कधीच सांगणार नाही" असं वचन बँक देत नाही. मग मुलाच्या जिवाच्या बाबतीत शिक्षकानं ते कसं द्यावं? पॉक्सो कायदा, २०१२, याचं कलम १९ सांगतं, की मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं माहीत असेल किंवा होण्याची भीती वाटत असेल, तर ते पोलिसांना कळवलंच पाहिजे. न कळवणं हा कलम २१ खाली गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते.

पण कायदा सोडा. मला खोटं वचन जास्त खुपतं. आधी "नाही सांगणार" म्हणायचं, ऐकून घ्यायचं, आणि मग सांगायचं, म्हणजे त्या पोरीनं ज्या एका मोठ्या माणसावर विश्वास टाकला त्यानंही फसवलं. आणि सांगितलं नाही, तर तिला त्याच घरात परत पाठवायचं. दोन्हीकडून नुकसान पोरीचंच.

भाची त्या मुलीला म्हणाली, "वर्गात, मैत्रिणींत, गावात कुणाला तुझं काही कळणार नाही. पण तुला कुणी त्रास देत असेल, तर तो थांबवायला ज्यांना सांगावं लागेल त्यांना मी सांगीन. आणि त्यांना सांगायच्या आधी तुला सांगीन." मुलगी गप्प बसली आणि निघून गेली. दोन दिवस ती काही बोलली नाही. ते दोन दिवस भाचीला फार जड गेले. रात्री फोन करून म्हणाली, "मामा, हो म्हटलं असतं तर बोलली तरी असती." मी म्हटलं, "थांब." तिसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मुलगी परत आली आणि बोलली.

काय बोलली ते मी लिहिणार नाही. पुढचं कायद्यानं झालं. शाळेतल्या काहींना वाटलं की गावाचं आणि शाळेचं नाव जाईल, आधी आपसांत बघायला हवं होतं. भाचीच्या कायम होण्याच्या वेळी याची आठवण कुणी ठेवेल, असंही एक जण सहज म्हणून गेले. पोरीचं नाव कुठेही बाहेर आलं नाही, ते मात्र सगळ्यांनी सांभाळलं. त्याबद्दल त्या शाळेचं कौतुकच आहे. ती मुलगी आता दुसरीकडे शिकते.

भाचीची तीन वर्षं अजून पुरी व्हायची आहेत. तिनं आता एक नवी पद्धत सुरू केली आहे, ती मला बँकेतल्यासारखी वाटली. आमच्याकडे बदली झाली की चार्ज द्यावा लागतो, किल्ल्या, रोकड, कागद मोजून, दोघांच्या सह्या घेऊन. पोरं वरच्या वर्गात जातात तेव्हा त्यांची प्रगतिपुस्तकं जातात, पण कोण का झोपतं, कुणाला कोण न्यायला आलं तर सोडायचं नाही, हे कुठेच जात नाही. ती पुढच्या वर्गाच्या गुरुजींपाशी बसून, दार लावून, एकेका पोराचं सांगते. गुरुजी आधी कुरकुरले, आता वही घेऊन बसतात म्हणे.

देवळाच्या ओवरीत बसणारा तो मुलगा वरच्या वर्गात गेला. त्याची धाकटी बहीण यंदा पहिलीत आली आहे. ती वर्गात अजिबात झोपत नाही. उलट सारखी बोलते, हसते, सगळ्यांची कामं करायला पुढे येते, बाईंचा डबासुद्धा धुऊन आणते. बाकीचे शिक्षक म्हणतात, पोरगी किती गुणी. भाची म्हणते, "मामा, हिच्याकडे जरा जास्तच लक्ष ठेवायला लागणार."